घराचा नकाशा : भिंत उभी राहण्याआधी विचार करा

नागपुरात आपल्या समाजाची एक पिढी इंदोरा, पाचपावलीसारख्या दाट वस्त्यांतील एक-दोन खोल्यांत वाढली. त्याच खोल्यांतून मुले शिकली, नोकरीला लागली आणि आज शहराच्या चारही बाजूंच्या लेआउटमध्ये तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर स्वतःचे घर बांधत आहेत. ही समाधानाची गोष्ट होय. परंतु भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, बँकेचे कर्ज आणि प्रसंगी पत्नीचे दागिने ज्या घरात जातात, त्याचा नकाशा मात्र बहुधा एका संध्याकाळी, शेजाऱ्याच्या घराकडे पाहून ठरविला जातो. पुढे वीस-तीस वर्षे त्या नकाशाचे दोष सोसतात ते घरातील स्त्रिया, वृद्ध आणि अभ्यास करणारी मुले. कागदावरची रेघ रबराने पुसता येते. भिंत पाडावयाची म्हणजे पुन्हा मिस्त्री, पुन्हा मजुरी आणि पुन्हा कर्ज.

घर कशासाठी बांधावयाचे हे आधी ठरवून मग आखणी करावी, याचा आदर्श बाबासाहेबांनी घालून दिला आहे. मुंबईच्या दादर भागातील हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी ‘राजगृह’ बांधले. त्यात तळमजल्यावर कुटुंबाचे राहणे आणि वर ग्रंथालय व कार्यालय अशी व्यवस्था होती. ग्रंथांना जागा मिळावी ही त्या घराची पहिली गरज होती आणि घर त्या गरजेभोवती उभे राहिले. आपले घर लहान असले तरी रीत तीच हवी. आधी आपल्या गरजा लिहून काढाव्यात, खोल्या मागाहून.

नेहमीचा नकाशा आणि त्याचे दोष

एक नमुना घेऊ. प्लॉट तीस बाय पन्नास, रस्ता पश्चिमेला. ठेकेदार सहसा देतो तो नकाशा असा : समोर रस्त्याला लागून बैठकीची खोली, तिच्या मागे मधोमध स्वयंपाकघर, त्याच्यासमोर जिना व संडास-बाथरूम आणि सर्वांत मागे झोपण्याच्या दोन खोल्या. कागदावर हे नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात काय होते ते पहा.

(१) बैठकीला चार दारे होतात : बाहेरचे, स्वयंपाकघराचे, जिन्याचे आणि मागे जाण्याचे. खोली मोठी असूनही तिचा रस्ता बनतो.

(२) स्वयंपाकघराची एकमेव खिडकी सांदवाडीकडे उघडते. शेजाऱ्याने भिंत उचलली की भरदुपारी दिवा लावावा लागतो.

(३) मागच्या अंगणात भांडी घासण्यास वा कपडे वाळविण्यास जावयाचे तर झोपण्याच्या खोलीतूनच जावे लागते.

(४) पाहुण्यांसमोर संडासाचे दार उघडते.

(५) पश्चिमेची तापलेली भिंत नेमकी बैठकीला येते.

दिशा पाहाव्यात, पण सूर्याच्या

हल्ली वास्तुशास्त्राच्या नावाखाली चांगल्या भिंती पाडून दारे फिरविण्याचे खूळ आपल्याही घरांत शिरले आहे. ईशान्येला संडास आला म्हणून मुलगा नापास होतो असे सांगणाऱ्यास पैसे देण्यापूर्वी कालाम सुत्ताची आठवण ठेवावी. कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः पारखून पाहावे, ही तथागतांची शिकवण आहे. दिशेला महत्त्व आहेच, पण ते ऊन आणि वाऱ्यामुळे.

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दुपारची उष्णता स्लॅबमधून व दुपारनंतरची पश्चिमेच्या भिंतीतून येते. विटांची भिंत ही उष्णता साठवून ठेवते आणि रात्री घरात सोडते. म्हणून पश्चिमेला झोपण्याची खोली असू नये. तेथे व्हरांडा, जिना, न्हाणीघर अशी आडोशाची बांधकामे घ्यावीत. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा सज्जा दिला तर उन्हाळ्यातले ऊन अडते आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन आत येते. पश्चिमेच्या खिडकीला सज्जाचा फारसा उपयोग नाही, कारण तेथे ऊन आडवे येते.

कूलरची जागाही नकाशातच ठरवावी. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर पडण्यास समोरच्या बाजूला खिडकी नसेल तर खोली नुसती दमट होते. त्याच्याजवळ सावली आणि पाण्याचा नळही हवा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे उष्ण व कोरड्या हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक-दशांश असावे. शंभर चौरस फुटांच्या खोलीस दहा चौरस फूट, आणि शक्यतो ते दोन भिंतींत विभागलेले.

तीन कसोट्या

पहिली कसोटी चालण्याची. नकाशावर पेन्सिलीने गृहिणीच्या सकाळची रेघ ओढावी : उठल्यापासून पाणी भरणे, स्वयंपाक, धुणी, भांडी, मुलांचे डबे. रेघ एखाद्याच्या पलंगाजवळून वा पाहुण्यांमधून जात असेल, तर दार चुकीच्या जागी आहे. हा नकाशा घरातील स्त्रियांना दाखविल्यावाचून मंजुरीस पाठवू नये. ओट्याची उंचीही स्वयंपाक करणारीच्या उंचीवरून ठरवावी, मिस्त्रीच्या सवयीवरून नव्हे.

दुसरी कसोटी सामानाची. आलेख कागदावर खोल्या काढाव्यात आणि त्याच प्रमाणात पलंग, लोखंडी कपाट, टेबल यांचे कागदी तुकडे कापून मांडून पाहावेत. पलंगाच्या बाजूने किमान दोन फूट जागा उरली पाहिजे. दार खोलीच्या कोपऱ्याजवळ घेतले की भिंत मोकळी राहते. मध्यभागी घेतले की दोन्हीकडे निकामी तुकडे उरतात. कागदावर पटल्यानंतर प्लॉटवर चुन्याने आखणी करून सर्व कुटुंबाने त्यात एकदा फिरून यावे.

तिसरी कसोटी पाण्याची. स्वयंपाकघर, न्हाणी व संडास एकाच बाजूला असले तर पाइप कमी लागतात, गळती लवकर सापडते आणि ओल इतर खोल्यांत जात नाही.

सुधारलेला नकाशा

आता वरचाच नकाशा बदलून पाहू. जिना मधून काढून समोर दक्षिणेच्या कोपऱ्यात घ्यावा व त्याच्या शेजारी व्हरांडा. ही दोन्ही पश्चिमेचे ऊन स्वतःवर घेतात. पुढे वरचा मजला झाला तर त्यास स्वतंत्र वाटही मिळते. व्हरांड्यामागे बैठक, ती थोडी आखूड होते, परंतु दारे चारवरून दोनवर येतात. तिची एक संपूर्ण भिंत मोकळी ठेवावी. तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा तेथे असावी आणि वंदनेला सारे कुटुंब समोर बसू शकावे.

बैठकीतून मागे सरळ पॅसेज काढावा. त्याच्या उत्तरेला झोपण्याची खोली, दक्षिणेला संडास व न्हाणी. उत्तरेची खोली उन्हाळ्यात त्यातल्या त्यात थंड राहते आणि संडास जवळ पडतो, म्हणून ती आई-वडिलांना द्यावी. तेथे उंबरठा नसावा, एक तरी कमोड असावा व भिंतीला आधाराची दांडी असावी. पॅसेजच्या शेवटी दोन दारे : उजवीकडे स्वयंपाकघर, डावीकडे दुसरी खोली. स्वयंपाकघर न्हाणीला लागून कोपऱ्यात आल्याने त्यास दोन बाजूंनी उजेड मिळतो, सकाळचे ऊन येते आणि त्याचे दार सरळ मागच्या अंगणात उघडते.

पॅसेजची रुंदी साडेचार फूट ठेवली तर एक फूट खोलीची पुस्तकांची मांडणी भिंतीला बसते आणि चालण्यास साडेतीन फूट उरतात. दुसऱ्या खोलीत खिडकीजवळ अभ्यासाचे टेबल असे ठेवावे की उजेड डाव्या हाताने येईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या वहीवर सावली पडत नाही. टीव्ही या खोलीच्या भिंतीला टेकलेला नसावा.

आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांची. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे आप्त आपल्याकडेच उतरतात. त्या दोन-तीन दिवसांसाठी न्हाणीला सांदवाडीकडून एक दुसरे दार आणि मागच्या अंगणात एक नळ ठेवला, तर वीस माणसांची सोय घर न विस्कटता होते.

नियम आणि शेजारधर्म

लेआउट नियमित झालेला आहे किंवा नाही, आपल्या नावे नियमितीकरणाचे पत्र आहे किंवा नाही, हे आधी पाहावे. राज्याचा गुंठेवारी कायदा २००१ सालचा आहे आणि बांधकामाची एकत्रित नियमावली २०२० पासून लागू आहे. नकाशा मंजूर झाल्यावर बदल करावयाचा तर सुधारित मंजुरी घ्यावी. वरचा मजला पुढे बांधावयाचा असल्यास तसे अभियंत्यास आजच सांगावे, कारण पाया व कॉलम मागाहून वाढविता येत नाहीत. बाजूची मोकळी जागा पत्रे टाकून झाकू नये. आपण झाकली की शेजारीही झाकतो, आणि दोन्ही घरांच्या खिडक्यांचा उजेड-वारा एकदमच जातो.

आपल्या संस्थेत अनेक अभियंते, ओव्हरसियर आणि अनुभवी मिस्त्री आहेत. नव्याने घर बांधणाऱ्या बांधवांनी खोदकामापूर्वी आपला नकाशा घेऊन त्यांच्यासमोर एक रविवार बसावे, आणि जाणकारांनीही तो रविवार आनंदाने द्यावा. ज्या घरात मुलीला अभ्यासाला खिडकी, आईला स्वयंपाकाला उजेड आणि म्हाताऱ्या वडिलांना रात्री अडखळण्याची भीती नाही, ते घर लहान असले तरी सुखाचे होय.

जय भीम!