करवसुली करणाऱ्याचा राखणदार

जर्मनीतल्या थुरिंगियामधलं आपोल्डा हे डोबरमन या कुत्र्याच्या जातीचं जन्मगाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमन करवसुलीचं काम करत. सोबत रोकड आणि वाटेत लुटारूंची भीती. गावातली भटकी कुत्री पकडण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. मग धीट आणि तल्लख कुत्री निवडून त्यांनी पैदास सुरू केली. पण नोंदी ठेवल्या नाहीत, ही मोठीच हानी! या जातीत जर्मन पिन्शर आणि रॉटवायलर यांचा अंश बहुतेक अभ्यासक मानतात. १८९४मध्ये कार्ल डोबरमन वारले. १८९९मध्ये ओटो ग्योलर यांनी आपोल्डातच या जातीचा क्लब काढला. तुकतुकीत काळा रंग, डोळ्यांवरचे तांबूस ठिपके आणि सडपातळ बांधा यांत नंतरच्या मँचेस्टर टेरियर व ग्रेहाउंडच्या संकराचा मोठा वाटा आहे. १९४४ साली ग्वाम बेटावर अमेरिकी मरीन सैनिकांसाठी शत्रूचा माग काढणारी कुत्रीही मुख्यतः डोबरमनच होती.