कडेचे दोन मिलिमीटर

बुटाचा तळ जवळजवळ नवा होता. रबरावर उठवलेलं कंपनीचं नावसुद्धा वाचता येत होतं. करंगळीच्या बाजूची कड मात्र पार गेलेली. रबर संपून आतलं चामडं उघडं पडलेलं आणि त्या चामड्यालाही भोक. कॅलिफोर्नियात, योसेमिटीच्या कॅम्प फोर छावणीत एका पोराने तो लाकडी टेबलावर काढून ठेवला होता आणि स्वतः हाताच्या पाठीवर चिकटपट्टी गुंडाळत बसला होता. कडे चढणाऱ्यांचे बूट मी बरेच पाहिलेत, ते अंगठ्याच्या टोकाशी झिजतात. हा कुशीवर झिजला होता. विचारलं तर म्हणाला, "भेगांचा बूट आहे. बिशपला देऊन येईन. तिथल्या बाई करतील काहीतरी."

त्या बाईंसाठी मी बिशपला गेले.

वाटेतली टायोगा खिंड 3,031 मीटरवर आहे आणि हिवाळ्यात बंद असते. ती उतरून 395 नंबरच्या हमरस्त्याने दक्षिणेला शंभरेक किलोमीटर गेलं की सिएरा नेवाडाच्या कोरड्या अंगाला हे गाव लागतं. चढणाऱ्यांच्या बुटांना नवे तळ लावणारा कारखाना मागच्या गल्लीत होता. कारखाना आपला म्हणायला. तीन माणसं, दोन सँडर, हवेवर चालणारा एक प्रेस आणि भिंतभर टांगलेले पायांचे साचे. दार उघडलं आणि थेट आपल्याकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातला वास आला, पंक्चरच्या सोल्युशनचा. दिवसभर तो नाकात बसला होता आणि खरं सांगायचं तर मला आवडत होता. बाई तोंडावर मास्क चढवल्याशिवाय डबा उघडत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

कामाचा क्रम सांगायला सोपा. तळ गरम करायचा, पकडीने टोकाकडून सोलायचा, जुना गोंद सँडरवर घासून काढायचा, नवं रबर चिकटवून प्रेसमध्ये दाबायचं आणि कडा घासून आकाराला आणायच्या. एवढं दोघं तरुण करतात. ज्यांची कड गेलीय असे बूट बाईंच्या टेबलावर येतात.

तळाच्या वर, बुटाला चहूबाजूंनी एक पातळ रबरी पट्टी ताणून चिकटवलेली असते. धंद्यात तिला रँड म्हणतात. बूट घेताना तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. बाईंनी कॅलिपर लावून दाखवला. तळाचं रबर चार मिलिमीटर, पट्टीचं दोन. "भेगेत शिरलात की तुमच्या पायात आणि ग्रॅनाइटमध्ये एवढंच," त्या म्हणाल्या. "दोन मिलिमीटर."

बाई पन्नाशी ओलांडलेल्या, मनगटं जाड, उजव्या अंगठ्याच्या नखात गोंद कायमचा बसलेला. स्वतः चढत होत्या. गुडघ्यांनी सोडवलं, असं म्हणाल्या आणि विषय तिथेच सोडला. बूट हातात आला की आधी तो उलटासुद्धा करत नाहीत, कुशीवर धरून उजेडात फिरवतात. मग बोलतात. हा माणूस डाव्या पायावर जास्त विसंबतो. हा पाय टेकवण्याआधी दगडावरून ओढत नेतो, टोक बघा. आणि ही बाई, अर्ध्या नंबरने लहान बूट घालते, कारण बोटांच्या पेरांवर वरून गोल खड्डे पडलेत. प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे न बघता मान हलवत होत्या. मालकाला तोंडावर यातलं काही सांगत नाहीत, हे नंतर दिसलं.

खिडकीशेजारी भिंतीला दोन जाड फळ्या उभ्या ठोकल्या आहेत, मध्ये फट. एक फळी बोल्टवर सरकते, त्यामुळे फट हवी तेवढी करता येते. कुणी नवा बूट दाखवायला आणला की बाई त्याला आधी फळ्यांकडे पाठवतात. दुकानात माणूस बूट घालून सपाट फरशीवर उभा राहतो, दोन पावलं चालतो, 'घट्ट आहे ना, मग बरोबर' असं विकणारा सांगतो आणि पैसे चुकते होतात. भेगेत पाय कधी सपाट पडतच नाही, तर फरशीवरून काय कळणार, असा बाईंचा सवाल.

मलाही पाठवलं. कोपऱ्यातल्या खोक्यातला एक जुना व्हेल्क्रोवाला बूट दिला. "तळवा आतल्या बाजूला करा. अंगठा वर, गुडघा बाहेर." पाऊल आडवं झालं आणि सहज फटीत गेलं. "आता गुडघा समोर आणत उभ्या राहा." गुडघा जसजसा सरळ होत गेला तसतसा पंजा फटीत पिळला जाऊ लागला. अंगठ्याच्या मुळाशी तळाची कड एका फळीवर दाबली गेली, करंगळीच्या वरची बाजू दुसऱ्या फळीवर, आणि मी चक्क उभी राहिले. पायाखाली पायरी नव्हती, हाताला खोबण नव्हती. मजा वाटली, ती अर्धा मिनिट टिकली. व्हेल्क्रोची कडी नेमकी पायाच्या हाडावर आली होती. बाईंनी तो बूट मुद्दाम दिला होता.

दुसरा दिला तो गुळगुळीत चामड्याचा, नाडीचा, टोकाला चपटा, आत बोटं सरळ राहतील एवढा. त्यात दुखलं नाही असं म्हणवत नाही, पण थांबता आलं. फरक बोटांमध्ये होता. हल्लीचे बरेच बूट खाली वळलेल्या चोचीचे असतात. बोटं आत मुडपून बसतात. लोंबत्या कड्यावर, एखाद्या बारीक खोबणीत टोक रोवायचं असेल तर त्याचा उपयोग आहे. भेगेत मात्र मुडपलेल्या बोटांची पेरं वर येतात आणि पंजा पिळला की सगळा भार त्या पेरांवर जातो. शिवाय टोक जाड झाल्यामुळे ते फटीत शिरतही नाही. दुखतं आणि वर धरतही नाही, असा दुहेरी तोटा. तरी लोक घेतात, कारण भिंतीवरच्या पोस्टरमधला माणूस तसलेच बूट घालून लोंबकळत असतो.

ही पोस्टरं बाईंच्या मागेही आहेत, कंपन्यांनी दिलेली. सगळी रबराची. या बुटांचा इतिहास सांगायला बसलं की तोही रबराचाच निघतो. 1935 मध्ये आल्प्समध्ये सहा सोबती गमावल्यावर इटलीच्या व्हिटाले ब्रामानींनी डोंगरी बुटाला रबरी तळ लावायचं मनावर घेतलं आणि 1937 मध्ये व्हायब्रम कंपनी उभी राहिली. फ्रान्सच्या पिएर आलाँनी फोंतेनब्लोच्या खडकांसाठी गुळगुळीत तळाचा हलका बूट केला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनच्या बोरेआल कंपनीचा फिरे हा बूट योसेमिटीत आला आणि त्याच्या चिकट रबराने जुने बूट एका हंगामात भंगारात काढले. 1985 मध्ये चार्ल्स कोल यांनी फाइव्ह टेन कंपनी काढली, तिचं स्टेल्थ रबर बुटापेक्षा जास्त नावाजलं गेलं. प्रत्येक गोष्टीत नायक तळ. कडेच्या दोन मिलिमीटरांवर कुणी पोस्टर छापलेलं नाही.

अपवाद म्हणून बाई एका बुटाचं नाव घेतात, ला स्पोर्टिव्हाचा टीसी प्रो. टीसी म्हणजे टॉमी काल्डवेल, 2015च्या जानेवारीत केव्हिन जॉर्जसनबरोबर योसेमिटीतल्या एल कॅपिटान कड्याची डॉन वॉल हात-पायांच्या बळावर चढलेला. हा बूट घोट्याच्या वर येतो, आतून कडक, टोकाला सपाट. रुंद भेगेत टाच एका भिंतीला आणि बोटं समोरच्या भिंतीला टेकवून अडकायचं असतं, तेव्हा घोट्याचं हाड दगडावर घासतं. तिथे उंच बुटाचा जीव कळतो. कडक तळामुळे पंजा पिळल्यावर बूट भार घेतो, पाय थोडा सुटतो. 2017च्या जूनमध्ये ॲलेक्स होनॉल्ड दोराशिवाय नऊशे मीटरचा एल कॅपिटान चढला तेव्हा त्याच्या पायात हेच होते. बाईंच्या रॅकवर त्या दिवशी निम्म्याहून जास्त बूट या जातीचे होते, आणि बहुतेकांचे तळ धड होते.

इथेच या कामातली खरी खोच आहे. चढणाऱ्यांना जगभर एकच सल्ला दिला जातो: तळ झिजला की लगेच नवा लावा, पट्टीपर्यंत जाऊ देऊ नका. भेगेवाल्यांना तो कुचकामी, कारण त्यांची पट्टीच आधी जाते. आणि नवी पट्टी टोकावरून वळून तळाखाली जाते, तेव्हा तळ उचकटल्याशिवाय ती बसवता येत नाही. म्हणजे चांगला तळ फेकायचा. मी पाहत असताना बाईंनी असाच एक तळ गरम करून सोलला. चार मिलिमीटर पुरेपूर, शिक्क्यासकट. तो खोक्यात टाकताना त्या काहीतरी पुटपुटल्या, ते सँडरच्या आवाजात ऐकू आलं नाही.

मग पट्टी. जुन्या पट्टीची कड घासून इतकी निमुळती करायची की बोट फिरवलं तर रबर कुठे संपलं ते कळू नये. दोन हात सोल्युशन, मध्ये वाळायला वेळ. नवी पट्टी गरम केली की मऊ पडते. ती टोकाला लावून दोन्ही अंगठ्यांनी बाहेर ताणत नेतात. ताण कमी पडला तर पट्टी फुगते, जास्त झाला तर बूट आत ओढला जातो आणि मालक तक्रार घेऊन येतो की बूट लहान झाला. हा ताण कशानेही मोजत नाहीत. त्या ओठ घट्ट मिटतात, खांदे वर जातात आणि पट्टी कुशीवरून सरकत करंगळीपाशी पोचली की श्वास सोडतात. मी बघत राहिले. एकेका बुटावर हे दोनदा, डावीकडून आणि उजवीकडून. मास्कमुळे चेहरा दिसत नव्हता, खांद्यांवरूनच कळत होतं पट्टी कुठवर आली ते.

दुपारी एक मुलगी आली, पंचविशीची, बोटं बारीक, हातांवर खरचटल्याच्या खुणा. ती युटातल्या इंडियन क्रीकला निघाली होती. तिथे विंगेट वाळूखडकात ओळंब्याने काढाव्यात तशा सरळ, समांतर भेगा आहेत. दगडावर दुसरं काही धरायला नाही, भेग आहे तेवढीच वाट. तिच्याजवळ नाडी नसलेले, मऊ, पातळ चपलांसारखे बूट होते आणि तेही घट्ट. बाईंनी फळ्यांकडे बोट दाखवलं. मुलगीही वस्ताद निघाली. तिने बोल्ट फिरवून फट इतकी आवळली की तीत बोटंच जेमतेम जातील आणि म्हणाली, "आता तुमचा टीसी प्रो घाला बघू." तो शिरेना. तिच्या मऊ बुटाचं टोक गेलं, वीतभर नाही, पण उभं राहण्यापुरतं गेलं.

बाई मुकाट्याने बघत होत्या. मग त्यांनी बोल्ट सैल करून फट तळहाताच्या जाडीची केली. "आता यात तास काढा." मुलगी हसली. दोघींचंही बरोबर होतं. भेगेची रुंदी ठरवल्याशिवाय बूट ठरत नाही, आणि एका भिंतीवर खालपासून वरपर्यंत भेग काही एकाच मापाची राहत नाही. जाणकार म्हणून दोन जोड ठेवतात. एकच परवडत असेल तर सपाट आणि ऐसपैस घ्यावा, या बाबतीत मी बाईंच्या बाजूची. बारीक भेग थोडा वेळ छळते, घट्ट बूट सबंध दिवस.

मुलगी आत असतानाच मी बाईंना आपल्याकडचं सांगितलं. सह्याद्रीतले सुळके आमच्या आधीच्या पिढीने हंटर शूजवर चढले, कॅनव्हासचे, फौजी. आमच्या भेगाही वेगळ्या. बसाल्टच्या, पावसाळ्यानंतर माती आणि गवताने बुजलेल्या, आधी खरवडायच्या आणि मग पाय घालायचा. पुण्यात बूट दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी आमच्यातल्या एकाच्या महागड्या बुटाला टायरचं रबर लावून दिलं होतं आणि 'आता दहा वर्षं बघायला नको' अशी खात्रीही दिली होती. बाईंनी मास्क खाली केला. दिवसभरात पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. "टायर टिकण्यासाठी करतात. हे झिजण्यासाठी." मऊ रबर दगडाच्या खरखरीत दाण्यांत दबतं म्हणून धरतं, आणि तेच दाणे त्याला थोडं थोडं खातात. काकांचा बूट टिकला असेल; पाय घसरत असेल. तो घसरायचाच, हे मी सांगितलं.

टिकवायचं काही करता येतं का, यावर त्यांच्याकडे थोडंच होतं. चढण्याआधी तळ आणि कड पुसा, माती हीच सँडरचं काम करते. बूट गाडीत उन्हात ठेवू नका, गोंद सुटतो. पाय फटीत घातला की हलवू नका. गुडघा फिरवा, भार द्या, आणि उचलताना आधी गुडघा बाहेर काढून पाय मोकळा करा. ओढून काढणाऱ्यांचे बूट त्यांना टेबलावर ओळखू येतात. "ओढलं की दोन मिलिमीटर एका हंगामात जातात," त्या म्हणाल्या. नीट काढलं तर किती, हे विचारल्यावर खांदे उडवले.

जाताना मुलीने पिशवीतून आणखी एक जोड काढला. भेगांसाठी म्हणून खास निघालेला, बोटांवर वरूनही रबर मढवलेला. घालून बघितला तर कल्पना झकास. पेरांना दगड लागतच नाही. पण वरचं रबर पातळ कापडावर चिकटवलेलं, आणि ते करंगळीवर उसवलं होतं. बाईंनी नखाने टोक उचललं तर रबराबरोबर कापडही वर आलं. असा बूट गरम केला की कापड आकसतं, सोललं की फाटतं. तरी त्या नाही म्हणाल्या नाहीत. बूट घेतले, पट्टीचे आणि तळाचे पैसे वेगवेगळे लिहिले, अडीच आठवडे सांगितले आणि पावतीच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं: वरच्या रबराची हमी नाही.