इंजिन धडधडतंय, मग वीज कुठे अडली?

लाइट गेली, रुग्णालयाचा जनरेटर सुरू झाला, इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच; पण पॅनलवरचा व्होल्टमीटर शून्यावरून हलत नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी डिझेल मेकॅनिकला बोलावलं जातं. बिघाड मात्र इंजिनाला जोडलेल्या अल्टरनेटरमध्ये असतो.

अल्टरनेटरला वीज निर्माण करायला चुंबक लागतो आणि तो चुंबक बळावायला वीज. हा तिढा सुटतो तो लोखंडात मागे उरलेल्या किंचित चुंबकत्वामुळे. हेच तत्त्व १८६७ साली वर्नर फॉन सीमेन्स यांच्या निबंधातून बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे आलं होतं. उरलेल्या चुंबकत्वातून आधी जेमतेम काही व्होल्ट मिळतात. व्होल्टेज सांभाळणारा एव्हीआर त्यातूनच चुंबकाला बळ पुरवणाऱ्या एक्सायटरला प्रवाह देतो, चुंबक बळावतो आणि बघता बघता दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट उभे राहतात. सेट बराच काळ बंद पडून राहिला, तर उरलेल्या चुंबकत्वाचं हे बीजच क्षीण होऊ शकतं.

पुष्कळ जण इथे थेट नवा एव्हीआर बसवतात. ही घाई चुकीची, कारण त्याआधी करायची एक फार सुरेख चाचणी आहे. एव्हीआर सोडवायचा, एक्सायटरच्या दोन तारांना १२ व्होल्टची बॅटरी जोडायची, भार न देता सेट मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालवायचा आणि तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजायचं. तिन्ही आकडे सारखे आणि ४१५च्या आसपास आले, तर अल्टरनेटर ठणठणीत. संशय एव्हीआरवर किंवा गेलेल्या चुंबकत्वावर. सारखे पण कमी आले, तर रोटरसोबत फिरणारे डायोड किंवा रोटरची वायंडिंग तपासायची. आकड्यांत फरक पडला, तर स्टेटरची, म्हणजे स्थिर भागाची वायंडिंग गेली. एकही सुटा भाग न बदलता दोष कुठे आहे ते कळतं.

सगळ्यात घातक बिघाडात मात्र जनरेटर अगदी नीट चालत असतो. न्यूट्रलचा जोड सैल होऊन तुटला, की कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज चढू शकतं आणि फ्रिज, टीव्ही, व्हेंटिलेटरचे सप्लाय जळतात. म्हणून सेट दर महिन्याला प्रत्यक्ष भारावर चालवा आणि प्रत्येक फेज ते न्यूट्रल व्होल्टेज प्रशिक्षित वायरमनकडूनच मोजून घ्या.