पेशी दिसतात, जंतू दिसत नाहीत

लघवीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसाव्यात आणि नेहमीच्या तपासणीत जंतू मात्र सापडू नयेत, असे कधीकधी घडते. मूतखडा, काही औषधे किंवा तपासणीपूर्वीच घेतलेली प्रतिजैविके ही त्याची कारणे असू शकतात. परंतु वाचकहो, आणखी एक कारण विसरू नका. ते म्हणजे मूत्रपिंडाचा क्षय. बंगळूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने थुंकी तपासून क्षय ओळखण्याची पद्धत देशभर रूढ केली. हा क्षय मात्र थुंकीत बहुधा दिसत नाही. त्याचे जंतू वाढण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने लागोपाठ तीन दिवस सकाळची पहिली लघवी खास तपासणीस द्यावी. वेळीच ओळखल्यास हा रोग औषधांनी बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंड गमावण्याची भीती असते.