भांडवल मागताना: मराठवाड्यातल्या सिनेमाची फाईल

1912 साली लंडनहून परतलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे यंत्रसामग्री होती, पण 'राजा हरिश्चंद्र'साठी पुरेसे भांडवल नव्हते. त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते हे रोज थोडे थोडे चित्रित केले आणि ती छोटी फिल्म सावकारांना दाखवली. यशवंत नाडकर्णींसारख्यांनी ती पाहूनच पैसे पुढे केले. विमा पॉलिसी आणि सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते वेगळेच. पैसे देणाऱ्याला काय पटायला हवे, हे फाळक्यांना नेमके उमगले होते.

छत्रपती संभाजीनगरात सिनेमा करू पाहणारी मुले आज भरपूर आहेत. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, एमजीएममध्ये चित्रपटाचे शिक्षण मिळते, अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय महोत्सवात जगभरचा सिनेमा गावातच पाहता येतो. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली. कथा तर इथे हव्या तेवढ्या. निर्मात्यासमोर ठेवायची फाईल मात्र बहुतेकदा अर्धवट असते, आणि चांगले विषय तिथेच अडतात याची मला मनापासून हळहळ वाटते.

सगळ्यात मोठे भगदाड हक्कांच्या कागदात असते. कादंबरीकार ओळखीचे असतात, "करा की, आपलंच आहे" म्हणतात, आणि त्या शब्दावर दोन वर्षे पटकथा लिहिली जाते. कॉपीराइट कायद्याचे कलम 19 सांगते की हक्क लेखी आणि सहीनिशीच दिले जातात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय वेगळे ठरले नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात न वापरल्यास संपतो. सिनेमा उभा राहायला चार-पाच वर्षे सहज लागतात, आणि परदेशी महोत्सव व ओटीटी तर सगळ्यांच्याच मनात असतात. मग मुदत आणि प्रदेश मोकळा ठेवून कसे चालेल? पटकथा-संवाद लिहिणाऱ्या मित्राशीही करार हवाच, आणि पटकथेची स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणीही.

कथासार, दिग्दर्शकाचे मनोगत, संदर्भचित्रांची पीपीटी यांवर मुले जीव ओततात. ते योग्यच आहे, कारण पहिली छाप त्यांचीच पडते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला पटकथेच्या टप्प्यावरच रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीची मदत मिळाली. निर्माते विवेक गोम्बर यांनीही लेखनाच्या काळातच पाठबळ दिले. 2014 साली व्हेनिसमध्ये तो चित्रपट गौरवला गेला. म्हणजे नीट लिहिलेल्या कागदालाही पैसा मिळतो.

बजेट मात्र पटकथेतूनच निघाले पाहिजे. दृश्यागणिक किती ठिकाणे, किती रात्री, जत्रेत किती माणसे, हे मोजल्याशिवाय लिहिलेला आकडा अनुभवी निर्माता पहिल्या पानावरच ओळखतो. बीबी का मकबरा किंवा वेरूळ हवे असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि शुल्क धरा. ग्रामीण गोष्टीत बैलजोडी असतेच. तिच्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, नाहीतर सेन्सॉरच्या वेळी अडचण होते. अनपेक्षित खर्चासाठी साधारण दहा टक्के राखून ठेवतात.

पैसा कुठून येणार आणि कसा परत जाणार, हे पान सर्वांत कमी जण लिहितात. राज्य शासनाचे अनुदान चित्रपट पूर्ण होऊन, प्रमाणपत्र आणि परीक्षण झाल्यानंतरचे आहे. त्याला शूटिंगचे भांडवल म्हणून दाखवणे ही गुंतवणूकदाराची दिशाभूल आहे. गुंतवणूकदाराला आधी किती रक्कम परत मिळणार, नफ्यात वाटा किती, चित्रपट थिएटरला लागलाच नाही तर काय, हे स्पष्ट लिहा. पाच लाख घालणाऱ्या गावाकडच्या मामालाही हाच कागद द्या. नातेवाइकांच्या पैशालाही हिशेब लागतो.

अशी फाईल घेऊन जाण्यासारखी एक जागा म्हणजे गोव्यात 2007पासून भरणारा एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार. तिथे पटकथेपासून कच्च्या संकलनापर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर प्रवेश आहे. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' 2013 साली तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस विभागात होता आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्याला क्रिस्टल बेअर मिळाले. नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या या बाजाराचे अर्ज काही महिने आधीच बंद होतात. तेव्हा पुढच्या वर्षी गोव्याला जायचे ठरवत असाल, तर पीपीटीला हात लावण्याआधी मूळ लेखकाला भेटा आणि मुदत, प्रदेश व मानधन लिहिलेल्या करारावर सही घ्या.