शिपायाच्या डोक्यावरची लोकर : विणलेली टोपी कुठे शोभते, कुठे नाही

गेली काही वर्षं बडोद्यातल्या हौशी मुलांकडून माझ्याकडे एक वेगळीच मागणी येते आहे. मिरवणुकीत, शाळेच्या चित्ररथात किंवा एखाद्या स्मृतिदिनाला जुन्या काळचा शिपाई उभा करायचा असतो. बाहेरच्या देशांत याला री-इनॅक्टमेंट म्हणतात. पोशाख, शस्त्रं, तंबू, सगळं त्या काळचं करून लढाईचा किंवा छावणीचा प्रसंग लोकांसमोर मांडायचा. आपल्याकडे हे अजून बाळसं धरतंय. मी विणते हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कोणीतरी येतं आणि म्हणतं, "मावशी, थंडीतला मावळा दाखवायचाय, एक लोकरीची टोपी विणून द्या ना."

मावळ्याची टोपी मी विणून देत नाही. का देत नाही आणि कोणाची देते, ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा लेख.

दोन सुयांवरचं विणकाम आपल्याकडे रुजलं ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा आणि छावण्यांमधल्या मडमा यांच्यामुळे. त्याआधी दख्खनमध्ये लोकर होती, भरपूर होती, पण ती मागावर जायची. धनगरांनी मेंढ्या कातरायच्या, सूत काढायचं, सनगरांनी घोंगडी विणायची. 'विणणे' हा शब्द एकच असल्यामुळे घोटाळा होतो. मागावरचं विणणं वेगळं, सुयांवरचं वेगळं. मागावरच्या घोंगडीत उभा-आडवा धागा असतो. सुयांवरच्या टोपीत एकच धागा फासात फास अडकवत जातो, म्हणून ती ताणली जाते आणि डोक्याला बसते. शिवकाळातल्या मावळ्याच्या डोक्यावर मुंडासं किंवा पागोटं, आणि पाऊस-थंडीत वरून घोंगडीची खोळ. एवढं केलंत तर चित्र खरं होतं आणि खर्चही कमी.

बडोद्याला जवळचा प्रसंग पानिपतचा. दमाजीराव गायकवाड १४ जानेवारी १७६१ ला त्या रणात होते. उत्तरेतला पौष महिना, तेव्हा थंडीची टोपी हवीच असं मुलांना वाटतं, आणि वाटणं रास्त आहे. पण तिथेही सुई-दोऱ्याची टोपी हवी, विणलेली नको. दुहेरी कापडात रुई भरून शिवलेली, कानावर येणारी टोपी त्या काळाला धरून आहे. आपल्या घरात ती अजून आहेच, फक्त बाळाच्या डोक्यावर. कुंची बघा. कपाळ, कान, मान झाकून पाठीवर उतरणारं ते शिवण मोठ्या मापात बेतलं की काम झालं. पागोट्यावरून शाल किंवा धाबळी गुंडाळली तरी चालेल.

आता जिरेटोपाचं. नाटकवाले आणि सिनेमावाले जाड रुपेरी दोऱ्याचं विणून त्यावर चंदेरी रंग मारतात आणि लांबून ते लोखंडी कड्यांच्या जाळीसारखं दिसतं. जगभर ही युक्ती चालते. 'जिरे' हा शब्द फारसी, अर्थ कड्यांचं चिलखत, जिरेबख्तरमधलं जिरे तेच. म्हणजे जिरेटोप हा मुळात जाळीदार लोखंडी टोप. आज पुतळ्यांवर आणि कॅलेंडरांवर जो दिसतो तो निराळाच, आणि महाराजांच्या समकालीन चित्रांत तर डोक्यावर तुरा लावलेलं पागोटं आहे. रंगमंचावर वीस फुटांवरून ही विणलेली जाळी खपून जाते. पण जिथे प्रेक्षक हात लावून बघतो, मुलं विचारतात "हे लोखंड आहे का?", तिथे ती नको. हे माझं मत, नाटकवाल्यांनी रागावू नये.

मग विणलेली टोपी खरी कुठे? आधी टोपीकरांकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इंग्रज, फिरंगी, वलंदेज यांना मिळून टोपीकर म्हटलंय हे आपल्याला माहीत आहे. डोक्यावरच्या वस्तूवरून माणूस ओळखायची ही तऱ्हा मला फार आवडते. त्या टोपीकरांच्या खलाशांत आणि शिपायांत जी एक टोपी सर्रास होती ती विणलेली होती : मॉनमथ टोपी. वेल्सच्या सीमेवर मॉनमथ नावाचं गाव आहे, तिथली ही टोपी पंधराव्या शतकापासून अठराव्यापर्यंत चालली. जाड लोकरीची, गोल, विणून झाल्यावर गरम पाण्यात घुसळून आटवलेली. आटवली की टाके दिसेनासे होतात, टोपी नमद्यासारखी घट्ट होते आणि पाणी चटकन आत शिरत नाही. इंग्लंडात १५७१ मध्ये कायदाच केला होता की सहा वर्षांवरच्या सर्वसामान्य माणसाने रविवारी आणि सणावाराला देशी लोकरीची विणलेली टोपी घातलीच पाहिजे. विणकऱ्यांचा धंदा टिकावा म्हणून. १५९७ मध्ये तो रद्द झाला. अशी एक जुनी टोपी मॉनमथच्या संग्रहालयात आजही आहे. सुरतेच्या सुवाळी बंदरावरचा सतराव्या शतकातला इंग्रज खलाशी कोणाला उभा करायचा असेल, तर ही टोपी मी आनंदाने विणून देईन. गुजरातेतल्या पाटणवाडी मेंढीची भरड लोकर त्या पोताला जवळ जाते. कच्छात याच जातीच्या लोकरीचे नमदे होतात.

आपण जिला माकडटोपी म्हणून हसतो तिचा इतिहास मात्र थेट पलटणीचा आहे. क्रायमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हाची लढाई झाली, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात इंग्रज फौजेचे थंडीने हाल झाले. घरच्या बायकांनी लोकरीच्या टोप्या, मोजे, मफलर विणून पाठवले. 'बालाक्लाव्हा' हे नाव टोपीला चिकटलं ते मात्र पुढे पंचवीसेक वर्षांनी. कार्डिगन हे नावही त्याच युद्धातल्या एका सरदाराचं. आपण कार्डिगन घालतो आणि वर माकडटोपी चढवतो, म्हणजे अर्धी क्रायमिया अंगावर.

ही टोपी मराठी शिपायाशी जोडली जाते ती पहिल्या महायुद्धात. सप्टेंबर १९१४ च्या शेवटी हिंदी फौज मार्सेलिसला उतरली, अंगात पातळ कपडे. बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबरला नव्ह शापेलच्या लढाईत होत्या, आणि या सॅपर्समध्ये मराठे होते. त्याच महिन्यात लंडनमध्ये इंडियन सोल्जर्स फंड उभा राहिला आणि त्याच्यामार्फत या शिपायांना गरम कपडे गेले, त्यांत बालाक्लाव्हा टोप्याही. म्हणजे इंग्लंडातल्या कुठल्यातरी बाईने विणलेली टोपी साताऱ्या-रत्नागिरीकडच्या माणसाच्या कानावर. याच १९१४ साली आपल्या गावात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झालं, हा योगायोग मला नेहमी आठवतो.

सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या, डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तो प्रसंग उभा करणाऱ्यांना मी खाकी पागोटंच सुचवते. मेसोपोटेमिया म्हटलं की बघणाऱ्याला तेच अपेक्षित असतं, आणि तेच बरोबर आहे.

दुसऱ्या महायुद्धातली एक टोपी विणायला सगळ्यांत सोपी : कॅप कम्फर्टर. ही खरं तर टोपी नाहीच, दोन्ही तोंडं बंद केलेली लांब पिशवी. एक टोक दुसऱ्यात खुपसून कड दुमडली की टोपी, उलगडली की गळपट्टा. सरकारी माल यंत्रावर विणलेला असायचा. त्यामुळे हाताने विणताना टाके अगदी बारीक आणि एकसारखे लागतात, नाहीतर घरगुती दिसते. इटलीच्या डोंगरात लढलेला मराठा शिपाई दाखवायचा असेल तर ही घ्या. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच इटलीत. पण जुलैमधला प्रसंग करणार असाल तर लोकर कशाला? तारीख बघूनच टोपी ठरवा.

मला स्वतःला सगळ्यांत मोलाची वाटते ती १९६२ ची टोपी. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला तेव्हा नेफात आपले अनेक जवान सुती गणवेशात होते. महिनाभरात युद्ध संपलंही, पण त्या थंडीत देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले तो हाच काळ, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं म्हणायचे. आमच्या घरी आत्या सांगायची, दुपारची झोप बंद, ओट्यावर बसून विणायचं, रंग एकच, हिरवट. "इतका कंटाळवाणा रंग आयुष्यात विणला नाही," हे ती दर वेळी म्हणायची, आणि टाक्यांचा हिशेब मात्र तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होता. ज्या विणल्या त्या सगळ्या गेल्या, घरात एकही राहिली नाही. पाठवायच्याच होत्या त्या.

तोच हिशेब इथे देते. चार पदरी नव्हे, त्याहून थोडी जाड, डबल निटिंगची शुद्ध लोकर आणि दहा नंबरच्या सुया. ११२ टाके घालून गोल विणायला घ्या, दोन सुलट दोन उलट, १५ सेंटिमीटर. ही मान झाली. पुढचे ३२ टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा, तिथे चेहरा येणार. उरलेल्या ८० टाक्यांवर साधी वीण, एक ओळ सुलट, एक उलट, १३ सेंटिमीटर. मग मोज्याची टाच वळवतो तसा माथा वळवायचा. मधले २६ टाके आणि दोन्ही बाजूंना २७-२७. प्रत्येक ओळीत मधला शेवटचा टाका बाजूच्या पहिल्या टाक्याशी एकत्र विणा आणि परत फिरा. बाजूचे संपून मधले २६ उरले की माथा तयार. आता दोन्ही कडांवरून ३१-३१ टाके उचला, दोऱ्यावरचे ३२ परत घ्या. एकूण १२० होतात. त्यावर दोन सुलट दोन उलट चार सेंटिमीटर, आणि टाके सैल हाताने बंद करा. घट्ट केलेत तर डोक्यात जाणार नाही.

रंग चुकवू नका. दोन्ही महायुद्धांतल्या फ्रान्स-इटलीला खाकी, १९६२ ला ऑलिव्ह हिरवा. आणि लोकर शुद्धच घ्या. मांडवीत किंवा रावपुऱ्यात दुकानदार 'ऊन' म्हणून जे पुढे करतो (पुण्याहून आलेल्या सुनेला पहिल्यांदा हसू येतंच, ऊन विकत घ्यायचं म्हणजे काय!) ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, आमच्या पिढीचं कॅशमिलॉन. एक धागा काढून विस्तवाला लावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होते. मिरवणुकीत मशाली असतात, बारुदाचे आवाज असतात. वितळलेली टोपी कातडीला चिकटते, म्हणून या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

घरात खरी जुनी टोपी असेल, आजोबांच्या ट्रंकेतली, तर ती मुलांना घालायला देऊ नका, तिच्यावरून नवी विणा. गरम पाण्यात धुऊ नका, आटून जाईल. कसर लागली असेल तर झटकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा, मग जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळा. त्याआधी आतून-बाहेरून फोटो काढा आणि एका बोटाच्या रुंदीत किती टाके बसतात ते मोजून लिहून ठेवा. तेवढ्यावरून मला ती परत विणता येते.