बादली स्वस्त असावी, पण कोणती असावी?

आंबवण्याची कला आपल्या घराण्यांना कोणी शिकवावी लागली नाही. 1834 नंतर गिरमिटाच्या करारावर जहाजाने या बेटावर आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी अनेक जण कोकणातले होते. कोकणात माडाच्या पोयीला मडके बांधून माडी उतरवीत आणि ती दुपारपर्यंत आपोआप फेसाळत असे. नाचणीची आंबील रात्री भिजत घालून सकाळी पीत. या सर्वांमागे एकच क्रिया आहे, ती म्हणजे आंबणे. फरक पडला तो भांड्यात. मडके गेले, काचेची बरणी आली आणि आता प्लास्टिकची बादली आली आहे.

आज अनेक घरांत आल्याची बिअर, अननसाचे पेय किंवा साधी घरगुती बिअर करून पाहण्याची हौस दिसते. बाजारातली खास भांडी महाग असल्याने पुष्कळ जण घरातलीच बादली किंवा 'बिदों' वापरतात. मद्यपानाचा प्रसार करावा असा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु जे काम होतच आहे, ते बिनधोक व्हावे, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम थोडा इतिहास. यीस्ट हा सजीव असून साखर खाऊन तो मद्य आणि कार्बन डायऑक्साइड वायू बनवतो, हे लुई पाश्चर यांनी 1850 च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांनी पटवून दिले. 1876 मध्ये त्यांनी बिअरवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इंग्लंडमध्ये घरी बिअर करण्यास 1880 पासून परवाना लागत असे. ती अट 1963 च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. त्यानंतर तेथे घरोघरी बिअरच्या बादल्या दिसू लागल्या. 1960-70 च्या दशकांत आपल्या बेटावरून नर्सिंगसाठी इंग्लंडला गेलेल्या मुलामुलींपैकी काहींनी हा प्रकार तेथे पाहिला असेल. अमेरिकेत अशी मोकळीक 1978 च्या कायद्याने मिळाली. योगायोग असा की आपल्याकडची फिनिक्स बिअरही 1963 मध्येच बाजारात आली.

आता मुख्य प्रश्न. प्लास्टिक चांगले की वाईट? उत्तर असे की, कोणते प्लास्टिक आणि त्यात आधी काय होते, यावर सारे अवलंबून आहे.

बादलीच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. 2 म्हणजे घट्ट पॉलिथिन आणि 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. ही दोन्ही आंबवण्याच्या कामाला चालतात. 3 म्हणजे पीव्हीसी आणि 6 म्हणजे पॉलिस्टायरिन, ही टाळावीत. परंतु केवळ आकड्यावर भिस्त ठेवू नये. आकडा प्लास्टिकची जात सांगतो, ते खाण्याजोगे आहे की नाही हे सांगत नाही. त्यासाठी पेला आणि काटा यांचे चिन्ह पाहावे. ते चिन्ह असेल तर ती वस्तू अन्नासाठी बनविली आहे असे समजावे. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे ज्या बादलीतून खाद्यपदार्थच विकला गेला तीच घेणे. बेकरीत, मिठाईच्या दुकानात किंवा हॉटेलात मलई, जाम, खाद्यतेल अशा वस्तूंच्या 10 ते 20 लिटरच्या रिकाम्या बादल्या असतात. विचारल्यास कित्येकदा त्या नाममात्र किमतीत मिळतात. मात्र लोणच्याची बादली घेऊ नये. पॉलिथिन वास शोषून घेते आणि कितीही धुतले तरी त्यातल्या पेयाला लोणच्याचा वास येतो.

आणि येथे आम्ही सर्वांत कळकळीने सांगतो ती गोष्ट. उसाच्या शेतावर तणनाशकाची, कीटकनाशकाची जी पिंपे येतात, ती कधीही घरात आणू नयेत. रंगाची, डिझेलची, फिनेलची पिंपेही नकोत. बाहेरून ती खाद्यतेलाच्या पिंपासारखीच दिसतात आणि धुतल्यावर वासही जातो. परंतु प्लास्टिकच्या अंगात मुरलेले विष धुऊन जात नाही. आंबलेले पेय आंबट असते, त्यात मद्यही असते. हे दोन्ही मिळून साध्या पाण्यापेक्षा अधिक विष बाहेर खेचतात. पिंपाचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर ते बागेत पाणी साठवण्यासाठीही विचार करूनच वापरावे. फुकट मिळालेल्या पिंपाची किंमत घरातल्या माणसाच्या प्रकृतीने भरावी लागू नये.

भडक लाल, पिवळ्या, नारिंगी रंगाच्या जुन्या बादल्याही नकोत. पूर्वी अशा रंगांत कॅडमियम वापरले जात असे. पांढरी किंवा अर्धपारदर्शक बादली उत्तम. आत काय चालले आहे तेही दिसते. झिलई दिलेल्या जुन्या मातीच्या बरण्यांविषयी हीच सावधगिरी ठेवावी, कारण काही झिलईत शिसे असते आणि आंबट पदार्थ ते विरघळवतो.

बादली मिळाली की तिच्या झाकणाला एक छोटे भोक पाडून त्यात रबरी वायसर बसवावा आणि त्यातून बारीक नळी काढून तिचे दुसरे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवावे. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आणि माशी आत येत नाहीत. एवढाही खटाटोप नको असल्यास झाकण नुसते सैल ठेवावे. घट्ट मात्र कदापि लावू नये. 400 ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर शंभर लिटरच्या आसपास वायू तयार होतो. तो 10 लिटरच्या बंद बादलीत मावणार कसा?

स्वच्छता तितकीच महत्त्वाची. प्लास्टिकवर ओरखडा पडला की त्यात जंतू घर करतात. म्हणून तारेची घासणी नको, मऊ फडके घ्यावे. धुतल्यावर 4 लिटर पाण्यात घरगुती ब्लीचचा एक मोठा चमचा घालून ते पाणी बादलीत दहा मिनिटे ठेवावे, मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोनतीनदा विसळावे. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बादलीला खोल ओरखडे पडले की तिला निरोप द्यावा. स्वस्त भांड्याचा हाच तर फायदा आहे.

आता 8 लिटर आल्याच्या बिअरची रीत. 2 लिटर पाण्यात 250 ग्रॅम ठेचलेले आले आणि 400 ग्रॅम साखर घालून वीस मिनिटे उकळावे. उकळते पाणी थेट बादलीत ओतू नये; आधी पातेल्यातच निवू द्यावे. मग गाळून बादलीत घ्यावे, चार लिंबांचा रस आणि उकळून गार केलेले 6 लिटर पाणी घालावे. हाताला कोमट लागले की अर्धा चहाचा चमचा सुके यीस्ट टाकावे. तिसऱ्या दिवशी चव घ्यावी. थोडी गोडी शिल्लक असतानाच शीतपेयाच्या प्लास्टिक बाटल्यांत भरून ठेवावे. काचेच्या बाटल्या वापरू नयेत. वायूचा दाब वाढून काच फुटली तर डोळ्याला इजा होते. प्लास्टिकची बाटली दाबून पाहता येते. ती कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि आठवड्याभरात संपवावी.

या पेयातली सगळी साखर आंबली तर सुमारे 3 टक्के मद्य होते. तेव्हा 'आल्याचे सरबत' म्हणून ते मुलांच्या हाती देऊ नये. साखर दुप्पट केली तर मद्यही दुप्पट होते, हे यजमानांनी ध्यानात ठेवावे.

हवामानाचाही विचार हवा. बिअरच्या बहुतेक यीस्टला 18 ते 22 अंशांची उष्णता मानवते. वाक्वा-क्यूरपिपच्या पठारावर हिवाळ्यात हे सहज जमते. पोर्ट लुईला किंवा किनाऱ्यावर उन्हाळ्यात मात्र पेय उग्र होते. तेथे बादली पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओले फडके गुंडाळावे. आपल्या आज्या माठ गार ठेवीत, तीच ही युक्ती.

शेवटी एक स्पष्ट गोष्ट. आंबवणे वेगळे आणि गाळणे वेगळे. आंबवलेले पेय तापवून त्याची 'तिलांबिक' काढणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. दारू विकायची तर परवाना लागतो. घरी करण्यापूर्वीही नियम काय आहे ते अबकारी खात्यात विचारून घेणे शहाणपणाचे. ते झाले की मग चांगली पांढरी बादली शोधावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये, असे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.